‘किक द बकेट’ म्हणजे मरणे? : स्पर्धा परीक्षांतल्या इंग्रजी वाक्प्रचारांविषयी

गेल्या व्याख्यानात शब्दाचा अर्थ माणसाला कळतो कसा, याबद्दल मीमांसक आणि नैयायिक काय म्हणतात ते आपण पाहिलं. ते संपल्यावर दोन-तीन मुलं थांबली होती. त्यांच्या हातात स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीचं एक पुस्तक होतं. म्हणाली, ‘सर, यातले आठशे इडियम्स पाठ करायचेत. तुमच्या मीमांसेत यावर काही उपाय आहे का?’ थट्टेतच विचारलं होतं. मी मात्र ते पुस्तक दोन दिवसांसाठी मागून घेतलं, आणि मग अप्पा बळवंत चौकात जाऊन त्याच जातीची आणखी चार विकत आणली. आजचं व्याख्यान म्हणजे त्या पुस्तकांचं परीक्षण आहे असं समजा. नावं घेणार नाही. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, इतकी ती सारखी आहेत.

पानाची रचना ठरलेली. डावीकडे आकडा, मग वाक्प्रचार, मग त्याचा इंग्रजी अर्थ, मग मराठी अर्थ. काहींमध्ये तो कुठल्या परीक्षेत, कुठल्या वर्षी विचारला होता ते बारीक टाइपात. वाक्यात उपयोग क्वचितच. आणि असला तरी तो अशा एका ओळीचा, की त्या ओळीवरून अर्थ ओळखण्याची काहीच सोय नाही.

आता, पुस्तकांना नावं ठेवणं सोपं आहे. पुस्तकं प्रश्नासाठी निघतात, तेव्हा आधी प्रश्न बघू. केंद्रातल्या कर्मचारी निवड आयोगाची पदवीधरांसाठीची परीक्षा घ्या. तिच्या पहिल्या टप्प्यात साठ मिनिटांत शंभर प्रश्न, त्यांतले पंचवीस इंग्रजीचे. बरोबर उत्तराला दोन गुण, चुकलं तर अर्धा गुण जातो. म्हणजे सरासरी एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. इंग्रजीच्या त्या पंचवीसांत समानार्थी, विरुद्धार्थी, शब्दसमूहाबद्दल एक शब्द, स्पेलिंग, चुका शोधा आणि वाक्प्रचार. आपल्या राज्य लोकसेवा आयोगाच्या गट ब, गट क च्या परीक्षांतही वस्तुनिष्ठ इंग्रजी आहे, आणि तिथंही याच घाटाचे प्रश्न येतात. छत्तीस सेकंदांत विचार करायचा नसतो, आठवायचं असतं. यादी तिथूनच जन्माला येते.

माझा आक्षेप पाठांतराला नाही, हे आधीच सांगतो. ज्या देशात वेद पाठांतराने टिकले तिथल्या माणसाने पाठांतराला हसू नये. माझा आक्षेप असा, की या यादीत ‘अर्थ’ म्हणून जे छापलेलं असतं तो पुष्कळदा अर्थच नसतो. मुलं प्रामाणिकपणे जे पाठ करतात ते इंग्रजी नसतं. मराठीही नसतं. ते तिसरंच काहीतरी असतं.

‘किक द बकेट’ घ्या. प्रत्येक यादीत हा आहेच. अर्थ काय दिलाय? ‘टू डाय’, मरणे. बरं. मराठीत मरण्याला किती शब्द आहेत बघा. निधन पावणे, निवर्तणे, देवाज्ञा होणे, कैलासवासी होणे, राम म्हणणे, खपणे, गचकणे. या सगळ्यांपुढे ‘मरणे’ असं लिहून एखाद्या परदेशी मुलाला यादी दिली, आणि त्याने आपल्या शेजाऱ्याला सांत्वनाचं पत्र लिहिलं, ‘आपले वडील गचकले असे समजले, वाईट वाटले’, तर? कोश म्हणेल बरोबर आहे. शेजारी काय म्हणेल ते तुम्हीच ठरवा. ‘किक द बकेट’ हा त्या ‘गचकणे’च्या घरातला आहे. तो थट्टेत चालतो, मित्रांत चालतो, दुखवट्यात चालत नाही. हे पाचापैकी एकाही पुस्तकात लिहिलेलं नाही. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘औचित्यविचारचर्चा’ नावाचा ग्रंथच लिहिला. त्याचा विषय काव्य होता, पण मुद्दा रोजच्या बोलण्यालाही लागू आहे. औचित्य गेलं की शब्द बरोबर असूनही बोलणं चुकतं.

याच वाक्प्रचाराची दुसरी एक गंमत आहे. ‘ही किक्ड द बकेट’ म्हटलं तर माणूस मेला. तेच कर्मणी करून ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हणा. माणूस जिवंत होतो आणि खरीखुरी बादली लवंडते! पण ‘स्पिल द बीन्स’, म्हणजे गुपित फोडणे, याचं कर्मणी केलं तरी अर्थ शाबूत राहतो. का? तिथं शेंगदाण्यासारखे सांडलेले ते ‘बीन्स’ म्हणजे गुपितं, असा एकास एक संबंध मनात लावता येतो. बादलीचा असा कशाशीच संबंध लागत नाही. मराठीतही हे आहे. ‘डोळा लागला’ म्हणजे झोप लागली, आणि ‘डोळे लागले’ म्हणजे कुणाची तरी वाट पाहणं चाललंय. एकवचनाचं अनेकवचन केलं तर झोपलेला माणूस जागा झाला! हे आपल्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही. मग कळलं कसं?

इथं मीमांसकांकडे येऊ. मूल शब्द कसे शिकतं याचं त्यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. घरातला एक मोठा माणूस दुसऱ्याला म्हणतो, ‘गाय आण’. दुसरा गाय आणतो. मूल बघतंय. अजून त्याला फक्त इतकंच कळलं, की या अख्ख्या वाक्याचा त्या अख्ख्या कृतीशी संबंध आहे. मग मोठा म्हणतो, ‘गाय बांध’, ‘घोडा आण’. एक शब्द गेला, दुसरा आला, कृतीतलं काहीतरी बदललं, काहीतरी तेच राहिलं. या बदलावरून मूल ‘गाय’ वेगळी काढतं, ‘आण’ वेगळं काढतं. याला वृद्धव्यवहार म्हणतात. वृद्ध म्हणजे म्हातारे नव्हे हो, भाषा आधीपासून येणारे. पुढे नैयायिकांनी शब्दाची शक्ती कळण्याची आठ साधनं मोजली: व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष म्हणजे पुढचा-मागचा मजकूर, विवरण, आणि ओळखीच्या शब्दाचं सान्निध्य. या आठांत व्यवहाराला मान मोठा, कारण बाकीची सातही शेवटी त्याच्याच जिवावर चालतात. कोश वाचायला आधी थोडी भाषा यावी लागते.

आता तो वस्तुनिष्ठ प्रश्न या आठांवर घासून बघा. वाक्यशेष? वाक्यच एका ओळीचं, बहुतेक वेळा तेही नाही. व्यवहार? शून्य. सान्निध्य? चार पर्याय आहेत, पण ते एकमेकांना फसवण्यासाठी बसवलेले. उरला एकटा कोश, आणि तोही असा, की एका शब्दापुढे एकच अर्थ. चांगला कोशकार असं कधी करत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडून बघा, पहिली आवृत्ती १८३१ ची. शब्द कुठे चालतो, कुणाच्या तोंडी चालतो, हलका की भारदस्त, हे सांगायला तो किती जागा खर्च करतो! जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी परक्या माणसाने आपल्या भाषेशी जी मेहनत केली, ती आपण आज आपल्याच मुलांसाठी करत नाही.

कुणी म्हणेल, मराठीच्या पेपरातही वाक्प्रचार असेच विचारतात, तीही पुस्तकं अशीच. खरं आहे. पण तिथं यादीच्या पाठीशी आजी उभी असते. ‘हातावर तुरी देणे’ पुस्तकात वाचायच्या आधी मुलाने तो दहा वेळा ऐकलेला असतो. यादी फक्त आठवण करून देते. इंग्रजीच्या यादीपाठी कुणी उभं नाही. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज परीक्षेला बसणारी बहुतेक मुलं दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकून आलीत. इतक्या वर्षांत वर्गात त्यांच्या कानावर आलेली इंग्रजी वाक्यं मोजायला बसलो तर वाईट वाटेल, म्हणून मोजत नाही.

जरा उलटं करून बघू. मँचेस्टरमधल्या एखाद्या मुलाला नोकरीसाठी मराठीची परीक्षा द्यायची आहे आणि त्याच्या यादीत आहे: ‘गंगेत घोडे न्हाणे : काम यशस्वीपणे पूर्ण होणे’. तो दहा मिनिटांत चहा करतो आणि म्हणतो, ‘गंगेत घोडं न्हालं’. चुकलं काय? काम तर पूर्ण झालं. पण आपल्याला माहीत आहे, की घोडं न्हायला आधी खूप रखडावं लागतं. मुलीचं लग्न चार वर्षं जमत नव्हतं ते जमलं, इमारतीचा पुनर्विकास एकदाचा मार्गी लागला, तेव्हा ते न्हातं. त्या वाक्प्रचारात सुस्कारा आहे. यादीत सुस्कारा छापता येत नाही, हे मान्य; पण निदान एक ओळ तरी लिहिता येते.

याच्या पुढची पायरी म्हणजे मराठी अर्थ देताना होणारी गफलत. ‘हॉब्सन्स चॉइस’ म्हणजे काय, असं मी त्या मुलांना विचारलं. उत्तर आलं, ‘इकडे आड तिकडे विहीर’. ऐकायला बरं वाटतं, पण ते चूक आहे. टॉमस हॉब्सन हा केंब्रिजमधला घोडे भाड्याने देणारा गृहस्थ, १६३१ मध्ये वारला. त्याचा नियम असा सांगतात, की गिऱ्हाइकाने दाराजवळचा पहिला घोडाच घ्यायचा, नाहीतर पायी जायचं. चांगले घोडे सारखे दामटले जाऊ नयेत म्हणून. म्हणजे निवडीचा देखावा आहे, पर्याय एकच. आड आणि विहीर हे दोन पर्याय आहेत आणि दोन्ही वाईट. त्याला तर्कशास्त्रात उभयापत्ती म्हणतात, इंग्रजीत डायलेमा. रेशनच्या दुकानात ‘हाच तांदूळ आहे, घ्यायचा तर घ्या’ म्हणतात, तो हॉब्सनचा घोडा. गोष्ट सांगायला मला एक मिनिट लागलं. त्या मुलांपैकी एकही आता ती विसरणार नाही, असं मला वाटतं.

‘मीट वन्स वॉटरलू’ हा दुसरा. अर्थ: अंतिम पराभव होणे. इथं मराठी माणसाच्या हाताशी आयतं रत्न आहे, ‘पानिपत होणे’. रणभूमीचं नाव दोन्ही भाषांत पराभवाचं नाव झालं. एकीकडे १८ जून १८१५, दुसरीकडे १४ जानेवारी १७६१. शिकवणाऱ्याने हे दोन शेजारी ठेवले तर मूल चटकन पकडेल. आणि मग फरकही दाखवता येईल, तो जास्त महत्त्वाचा. वॉटरलू एका माणसाला भेटतं, तोवर जिंकत आलेल्या माणसाला. त्यात नेपोलियन आहे. पानिपत होतं ते समूहाचं: सैन्याचं, पक्षाचं, संघाचं. निवडणुकीत पक्षाचं पानिपत झालं असं आपण म्हणतो, कारण घरटी माणूस पडल्याची ती आठवण आहे. चाळीस वर्षं अजिंक्य राहिलेला एखादा पुढारी नवख्या पोरासमोर पडला, तर तिथं वॉटरलू जास्त शोभेल. हा फरक ज्याला कळला त्याला वाक्प्रचार कळला. चार पर्यायांतून ‘फायनल डिफीट’वर गोल काळा केला म्हणजे कळला असं होत नाही.

आणि ‘कॅरी कोल्स टू न्यूकॅसल’. न्यूकॅसल हे उत्तर इंग्लंडमधलं टाइन नदीवरचं बंदर. शेकडो वर्षं तिथून लंडनला कोळसा जायचा. तिथं कोळसा नेणं म्हणजे फुकटचा उद्योग. ही गोष्ट चंद्रपूरच्या, वणीच्या मुलाला परकी का वाटावी? त्याच्या घराजवळून कोळशाचे ट्रक जातात, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते. त्याला म्हणा, ‘चंद्रपूरला कोळसा नेणं’. मग तो स्वतःच म्हणेल, नागपूरला संत्री नेणं, रत्नागिरीला हापूस नेणं. त्याला आता नवा वाक्प्रचार बनवता येतो. यादी पाठ केलेल्याला तो फक्त ओळखता येतो.

पतंजलीच्या महाभाष्यात सुरुवातीलाच एक गोष्ट आहे. बृहस्पतीसारखा गुरू, इंद्रासारखा शिष्य, अभ्यासाला हजार दिव्य वर्षं, आणि एकेक शब्द घेऊन शिकवणं चाललेलं. तरी शेवट आला नाही. मग पतंजली म्हणतो, आजकाल तर फार जगला तो शंभर वर्षं जगतो. म्हणून एकेक शब्द शिकवण्याचा मार्ग सोडा आणि नियम शिकवा, ज्याने थोडक्यात पुष्कळ कळेल. यादी-पद्धतीवर दोन हजार वर्षांपूर्वी केलेली ही टीका मला आजही सगळ्यात नेमकी वाटते. नियम नवी वाक्यं देतो. यादी शेवटी फक्त पुढची यादी देते. दर आवृत्तीला पुस्तक जाड होत जातं ते त्यामुळे.

नॉर्मन लुइस यांचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे १९४९ चं पुस्तक पुण्यातल्या प्रत्येक अभ्यासिकेत दिसतं. त्याचं मी मनापासून कौतुक करतो. ते शब्द मुळावरून शिकवतं, मोठ्याने उच्चारायला लावतं, पुन्हापुन्हा वापरायला लावतं. पतंजली खूश झाला असता. पण ते लिहिलंय इंग्रजी येणाऱ्या अमेरिकन प्रौढांसाठी, शब्दसंपत्ती वाढावी म्हणून. आपली मुलं त्यातले अभ्यास सोडून देतात आणि शब्दांची तेवढी यादी करून घेतात. म्हणजे नारळ सोलून करवंटी ठेवली आणि खोबरं टाकलं.

आता माझ्या स्वतःच्या दुखण्याकडे येतो. ‘शब्दसमूहाबद्दल एक शब्द’ हा प्रकार. त्यात तत्त्वज्ञानाचे शब्द फार येतात आणि जे होतं ते मला बघवत नाही. ‘एपिक्युअर’: खाण्यापिण्याच्या चैनीत रमणारा. ‘स्टोइक’: सुखदुःखाबद्दल उदासीन असणारा. ‘सिनिक’: सगळ्यांकडे तुच्छतेने पाहणारा. ‘अॅग्नॉस्टिक’: देव आहे की नाही याची ज्याला खात्री नाही तो. चार ओळींत चार दर्शनं निकालात.

एपिक्युरसने अथेन्समध्ये एका बागेत शाळा चालवली. तो सुखवादी होता हे खरं, पण त्याच्या मते सर्वांत मोठं सुख म्हणजे दुःख नसणं आणि मन अस्वस्थ नसणं. राहणी भाकर-पाण्याची. एका मित्राला तो कळवतो, की थोडं चीज पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. याची मेजवानी एवढी! आणि आपली मुलं त्याला हॉटेलांची परीक्षणं लिहिणारा समजतात. आपल्याकडे चार्वाकाचंही हेच झालं. प्रत्यक्षाशिवाय दुसरं प्रमाण न मानणारा एवढा धारदार तर्क, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते उधारीचं तूप. स्टोइकांना भावना नव्हत्या असं नाही. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे वेगळं करा, असं ते सांगत. त्यांच्यात एपिक्टेटस हा गुलाम होता आणि मार्कस ऑरेलियस हा सम्राट. दोघांना एकच शिकवण पुरली, ही साधी गोष्ट नाही. ‘अॅग्नॉस्टिक’ हा शब्द टॉमस हक्सलीने १८६९ मध्ये घडवला. खात्री नसणं वेगळं आणि हे जाणण्याचं साधनच आपल्यापाशी नाही असं म्हणणं वेगळं. पहिली मनाची अवस्था झाली, दुसरी ज्ञानमीमांसेतली भूमिका. आपली शाळकरी ‘ढ’ ज्याच्या नावावरून इंग्रजीत ‘डन्स’ झाली तो जॉन डन्स स्कोटस तर मध्ययुगातल्या सगळ्यात सूक्ष्म बुद्धीच्या विचारवंतांपैकी एक!

तुम्ही म्हणाल, भाषेत अर्थ बदलतात, तुम्ही कशाला चिडता? बदलतात, हे मला मान्य आहे. आज इंग्रजीत ‘स्टोइक’ सहनशील माणसाला म्हणतात, म्हणू देत. पण मग परीक्षेने बदलाला जागा ठेवली पाहिजे. ‘बेग द क्वेश्चन’ घ्या. तर्कशास्त्रात याचा अर्थ ठाम आहे: जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरणं. ‘हा माणूस खरं बोलतो, कारण त्याने तसं स्वतः सांगितलं.’ आपल्याकडचा साध्यसम हेत्वाभास याच्या जवळचा. पण आज इंग्रजी वर्तमानपत्रांत तो सर्रास ‘असा प्रश्न उपस्थित होतो’ या अर्थाने येतो. काही जण ‘प्रश्न टाळणे’ असाही वापरतात. समजा हे तीन अर्थ तीन पर्यायांत आले. उत्तर कोणतं? ज्याने तर्कशास्त्र वाचलं तो एक म्हणेल, ज्याने वर्तमानपत्र वाचलं तो दुसरं, आणि ज्याने यादी पाठ केली तो त्या यादीत जे छापलंय ते. गुण बहुधा तिसऱ्याला मिळतील. चुकणाऱ्याचा अर्धा गुण जाईल, आणि अर्ध्या गुणावर किती जणांची वर्षं जातात हे सदाशिव पेठेत राहणाऱ्याला सांगायला नको.

हो, तुम्ही बोला, हात केव्हापासून वर आहे… बरं. मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून सांगतो. यांचं म्हणणं असं: ‘सर, तुम्ही यादीला शिव्या देताय, पण आमच्यासाठी यादीच बरी. मी वाशीम जिल्ह्यातल्या गावातून आलो. यादी कुणालाही पाठ करता येते. तुम्ही औचित्य आणि व्यवहार विचारायला लागलात, तर इंग्रजी शाळेतली, घरात इंग्रजी बोलणारी मुलं पुढे जातील. त्यांच्याकडे व्यवहार आहे, आमच्याकडे नाही.’

आज जे काही बोललं गेलं त्यातला हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. याला उडवून लावता येणार नाही. यादीला टोक असतं, निदान मुलाला तसं वाटतं, आणि जिथं टोक आहे तिथं कष्टाने पोचता येतं. २०११ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत सी-सॅट आला. त्यात इंग्रजी उताऱ्यांचे प्रश्न होते. त्यावरून इतकं मोठं आंदोलन झालं, की २०१४ मध्ये ते इंग्रजीचे गुण धरले गेले नाहीत आणि पुढल्या वर्षापासून तो पेपर फक्त पात्रतेपुरता राहिला. आंदोलन करणारी मुलं हेच म्हणत होती. स्पर्धा परीक्षा आपल्याकडे आली तीच मुळी वशिला मोडण्यासाठी. १८५५ मध्ये लंडनला सनदी सेवेची पहिली खुली परीक्षा झाली. तिच्या आखणीत मेकॉले होता, आणि त्याच्या समितीने आग्रहाने म्हटलं होतं, की वरवरच्या तुकडेवजा ज्ञानाला गुण मिळू नयेत. थोड्याच वर्षांत लंडनमध्ये घोकून घेणाऱ्या खासगी शिकवण्या उभ्या राहिल्या. क्लासचा धंदा पुण्याने शोधून काढला, असं कुणी समजू नये!

पण तुमच्या मुद्द्याला माझं उत्तर असं. यादी न्याय्य आहे असं वाटतं, ती सगळ्यांना सारखीच परकी आहे म्हणून. पण ती खरंच सारखी परकी आहे का? इंग्रजी शाळेतल्या मुलाला त्यातले निम्मे वाक्प्रचार ऐकून माहीत असतात. तो महिन्यात उरकतो आणि वेळ गणिताला देतो. तुम्ही सहा महिने घोकता. तेव्हा आजच्या प्रश्नातही फायदा त्याचाच आहे, फक्त तो दिसत नाही. आणि दुसरं, जे नोकरीत लागतच नाही ते विचारून कुणावर न्याय होतो? राज्यकर निरीक्षक, सहायक कक्ष अधिकारी, उपनिरीक्षक यांना ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ कधी लागणार? खुद्द इंग्रज माणूस पावसाला हल्ली क्वचितच तसं म्हणतो.

त्यांना लागतं ते दुसरंच इंग्रजी, आणि त्यातही वाक्प्रचार आहेत. ‘विदाउट प्रेज्युडिस’. ‘केप्ट इन अबेयन्स’. ‘शो कॉज’. ‘सब ज्युडिस’. कायद्यात ‘शॅल’ आणि ‘मे’ यांतला फरक. ‘टेबल’ हे क्रियापद बघा: ब्रिटिश पद्धतीत एखादा विषय ‘टेबल’ केला म्हणजे चर्चेला आणला, अमेरिकेत ‘टेबल’ केला म्हणजे बाजूला ठेवला. नेमकं उलट! आपल्याकडे सभागृहाच्या पटलावर कागद ठेवतात ते ब्रिटिश वळणाचं. अमेरिकी कंपनीशी पत्रव्यवहार करणाऱ्या कारकुनाला हे माहीत नसेल तर प्रकरण भलतीकडे जाईल. हे इंग्रजी इंग्रजी शाळेतल्या मुलालाही घरी मिळत नाही. इथं वाशीमचा मुलगा आणि मुंबईचा मुलगा खऱ्या अर्थाने एका रेषेवर उभे आहेत. आणि इथं व्यवहार पुरवता येतो. न्यायालयांचे निकाल, केंद्राची परिपत्रकं, राजपत्र, सगळं फुकट वाचायला मिळतं.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली. त्या बदलावरून २०२३ मध्ये इथल्या रस्त्यांवर मुलं बसली होती, त्यांची वेळेची तक्रार खरी होती. पण भाषेच्या दृष्टीने हे पाऊल मला बरोबर वाटतं, कारण लिहायला लागलं की औचित्य टाळता येत नाही. वस्तुनिष्ठ परीक्षा मात्र राहणारच, लाखो उत्तरपत्रिका हाताने तपासणं अवघड आहे, हे मला समजतं. तेव्हा प्रश्न वस्तुनिष्ठच ठेवा, पण तो बदला.

आणि तोवर तुम्ही काय करायचं? यादी टाकून देऊ नका, परीक्षा तुमची आहे. पण रोज पन्नास घोकण्याऐवजी दहा घ्या. प्रत्येकाला एक मराठी सोबती शोधा आणि दोघांतला फरक एका ओळीत लिहा, मराठीतच लिहा. सोबती सापडला नाही तर तसं लिहा. गटात अभ्यास करत असाल तर एकाने प्रसंग सांगायचा आणि दुसऱ्याने ठरवायचं, इथं हा वाक्प्रचार चालेल की नाही. दुखवट्यात ‘किक द बकेट’ चालेल का, असं. हाच तो वृद्धव्यवहार, फक्त वृद्ध तुम्हीच एकमेकांचे व्हायचं. शिवाय रोज इंग्रजीतलं एक सरकारी परिपत्रक पूर्ण वाचा, कंटाळा आला तरी.

प्रश्न कसा असावा, याचा एक नमुना मी करून आणलाय, तो सांगतो आणि थांबतो. चार ओळींचा इंग्रजी आदेश द्यायचा. अमुक कर्मचाऱ्याला जास्त दिलेली रक्कम मार्चपासून दर महिन्याच्या पगारातून वसूल करावी असं आधी ठरलं होतं. कर्मचाऱ्याच्या अर्जावर निर्णय होईपर्यंत ही वसुली ‘केप्ट इन अबेयन्स’. खाली विचारायचं: एप्रिलचा पगार काढताना लेखाशाखेने काय करावं? पर्याय: ठरल्याप्रमाणे रक्कम कापावी, वसुली कायमची रद्द समजावी, निर्णय येईपर्यंत कापू नये, पण प्रकरण खुलं ठेवावं, मार्चमध्ये कापलेली रक्कम परत द्यावी. सोडवून बघा. पाच मिनिटं देतो, मग उरलेले प्रश्न घेऊ.